भैंसाडांगचे चौदा पॉइंट

शालिनीताई मोहिते यांच्याइतकी खडूस बाई आपल्या ऑफिसात दुसरी झाली नाही, असं तिथले निवृत्त ड्रायव्हर आजही सांगतात, आणि सांगताना त्यांची छाती फुगते. ऑफिस ग्वाल्हेरचं, काम पाणलोटाचं. पावसाचं पाणी ज्या टेकड्यांवरून, शेतांवरून, ओढ्यांतून वाहत शेवटी एका नाल्याला मिळतं, तो सगळा मुलूख म्हणजे पाणलोट. असा एक मुलूख घाटीगावच्या बाजूला आहे, झिरिया नाल्याचा. खडकाळ, कोरडा, वर्षातले नऊ महिने तहानलेला. त्यात शेत कुठे, जंगल कुठे, माळ कुठे, खदान कुठे, आणि दहा वर्षांनी त्यातलं कशाचं काय झालं, हे मोजायचं ही शालिनीताईंची नोकरी. नोकरी कसली, हट्टच म्हणा.

मोजायची रीत साधी होती. नकाशावर एकशे सत्त्याऐंशी जागा नेमलेल्या. त्यांना सगळे पॉइंट म्हणत. प्रत्येक पॉइंटवर चुना फासलेला एक दगड. त्या दगडाशी उभं राहायचं, चारी दिशांना बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण हे दगड काही रस्त्याच्या कडेला मांडलेले नव्हते. कुणी कड्याखाली, कुणी बाभळीच्या काट्यांत, कुणी नाल्याच्या पल्याड. चहाच्या टपरीवर बसल्या बसल्या वीस-वीस पॉइंट भरून टाकणारे महाभाग जगात सगळीकडे असतात, तसे इथेही होते. शालिनीताई जीप जाईल तिथवर जीपनं जात आणि पुढे पायांनी. उन्हाळ्यातली लू लागू नये म्हणून खिशात कांदा, डोक्याला गमछा, खांद्याला पाण्याची सुरई अडकवलेली. एकदा परतीच्या वाटेवर, पार शहराजवळ पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की एकशे बाराव्या पॉइंटवर पश्चिमेकडे बघायचं राहिलं. जीप मागे फिरली. ड्रायव्हर रस्ताभर बडबडत होता, पण पश्चिम बघून झाल्यावरच घरी गेले सगळे.

ही शिस्त त्यांना त्यांच्या साहेबांनी, विश्वासरावांनी लावली होती. विश्वासराव म्हणायचे, "बाई, लोक सांगतील ते ऐकून घ्या, चहा दिला तर प्या. पण लिहायचं ते डोळ्यांना दिसेल तेवढंच. लोक म्हणतील, इथे गेल्या साली गहू होता. असेल! आज आहे का? नाही ना? मग पडीक लिहा." यात शहाणपण होतं. सरकारी योजना दिसली की रिकाम्या माळावर बागा उगवतात आणि भरलेल्या विहिरी आटतात, हे विश्वासरावांनी आयुष्यभर पाहिलं होतं. शालिनीताईंनी गुरूचा शब्द गाठीला बांधला तो कायमचा.

त्यांचं लग्नही या काटेकोरपणातूनच जमलं. पाटणकर बाजारात बळवंतराव मोहित्यांचं स्टेशनरीचं दुकान होतं. नकाशे काढायला लागणारा ट्रेसिंग पेपर घ्यायला शालिनीताई तिथे जात. एकेक कागद उजेडापुढे धरून बघत आणि दहातले चार परत करत. बळवंतराव अजून पाहुण्यांना सांगतात, "मी म्हटलं, ही बाई गिऱ्हाईक म्हणून राहिली तर माझं दुकान बसवेल. त्यापेक्षा घरी आणलेली बरी." शालिनीताई यावर हसत नाहीत. चार कागद खरंच खराब होते, एवढंच म्हणतात.

झिरियाची पहिली मोजणी झाली सत्त्याण्णव साली. मंजुरीचे कागद उशिरा आले म्हणून ती मे महिन्यात झाली. दुसरी दहा वर्षांनी, दोन हजार सातला. तेव्हा हाताखाली नवी माणसं आली होती. ती म्हणाली, "मॅडम, ऑक्टोबरमें चलते हैं ना, मौसम अच्छा रहता है." शालिनीताईंनी त्यांना उभं-आडवं घेतलं. पहिल्यांदा मे होता, तर आताही मेच. त्याच पंधरवड्यात, त्याच दगडांशी. "एकदा दाढी करून फोटो काढला आणि एकदा न करता, तर माणूस बदलला म्हणणार का तुम्ही?" मोजणीशास्त्राच्या दृष्टीनं हे शंभर टक्के बरोबर होतं. माणसं निमूट सत्तेचाळीस अंशांच्या उन्हात निघाली. तिसरी मोजणी दोन हजार सतराला झाली, तीही मे महिन्यात. दोन वर्षांनी ताई निवृत्त झाल्या.

त्यांची तिन्ही रजिस्टरं ऑफिसात अजून जपून ठेवलेली आहेत. नवा माणूस रुजू झाला की त्याला आधी ती वाचायला देतात. आत ताईंचा एक फोटो चिकटवलेला आहे, गमछा बांधून दगडाशी उभ्या असलेल्या. 'मोजणी अशी करावी' असं त्याखाली कुणीतरी हिंदीत लिहून ठेवलं आहे. सदुसष्टाव्या वर्षी ताईंजवळ गुडघेदुखी होती, साखरेच्या गोळ्या होत्या आणि ही कीर्ती होती. पहिल्या दोन गोष्टींबद्दल त्या बोलत. तिसरीबद्दल बोलत नसत, पण ती त्यांना सगळ्यांत प्यारी होती.

यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी श्रुती बाक्रे लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी आली. श्रुतीची आई आणि ताई एकाच भजनी मंडळातल्या, त्यामुळे ती त्यांना काकू म्हणते. सिटी सेंटरच्या एका ऑफिसात ती उपग्रहानं काढलेल्या चित्रांवरून जमिनी ओळखायचं काम करते. पन्हं पुढे आलं, पण तिनं पेल्याला हात लावला नाही.

"काकू, भैंसाडांग आठवते?"

"न आठवायला काय झालं? तो डोंगर ना, एकसष्ट ते चौऱ्याहत्तर. चौदा पॉइंट."

"तिथे पत्थरची खदान मागितली आहे कुणीतरी. गाववाले म्हणतात, जंगल आहे, नका देऊ. एकवीस जूनला कलेक्टोरेटमध्ये सुनवाई आहे. मला पण बोलावलं आहे, इमेज घेऊन. पण काकू..." श्रुती अडखळली. "खदानवाल्यांनी तुमची रजिस्टरं पुरावा म्हणून लावली आहेत. तिन्ही साल, चौदाच्या चौदा पॉइंट, 'पथरीली बंजर'. म्हणजे सगळा उजाड खडक. आणि माझ्या इमेजमध्ये तिथे जंगल येतं आहे. मौके के रिकॉर्ड के सामने सॅटेलाइट को कौन मानेगा?"

"मग बंजरच असेल," ताई म्हणाल्या. "तुझं यंत्र शेकडो मैलांवरून बघतं. मी तिथे उभी होते. तीनदा."

आवाजात धार होती. श्रुतीनं वाद घातला नाही. तिनं लॅपटॉप ताईंकडे वळवला आणि भैंसाडांगची चित्रं एकेक करून दाखवली. नोव्हेंबर, हिरवी. डिसेंबर, तांबूस. फेब्रुवारी, विटकी. मे, खडकासारखी राखाडी. जूनची अखेर, पुन्हा हिरवी. मग तिनं जुन्या उपग्रहांची चित्रं काढली. सत्त्याण्णव साल. तोच क्रम. सात साल, सतरा साल, तोच. डोंगर दरवर्षी हिरवा होत होता, दरवर्षी पानं टाकत होता, आणि शालिनीताई दर दहा वर्षांनी नेमक्या त्याच पंधरवड्यात तिथे पोचत होत्या ज्यात त्याच्या अंगावर एक पान नसतं.

तिथे करधईची झाडं आहेत, हे ताईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण शेळ्यांनी खाऊन खाऊन ती कमरेएवढीच राहिली होती, काड्यांचा नुसता गुंता, रंगही दगडाचाच. आणि मोजणीचा नियम सावलीचा होता. झाडांची सावली दहापैकी एक हिस्साही जमीन झाकत नसेल तर बंजर लिहायचं. पानंच नाहीत तर सावली कुठली? नियमाप्रमाणे त्यांनी लिहिलं होतं ते बिनचूक होतं. कुणी बोट ठेवू शकलं नसतं.

पण ताईंना आणखीही एक आठवलं. सत्त्याण्णव साली सदुसष्टाव्या पॉइंटवर त्या लिहीत असताना एक बाई शेळ्या घेऊन आली होती. रामश्री तिचं नाव. तिनं विचारलं, का लिखत हो, काय लिहिता? ताईंनी 'बंजर' असं सांगितलं. ती हसली होती. म्हणाली होती, "जे मरे नाहीं हैं, बाई साब. बदरा घिर आन देउ, बिना बरसे हरे हो जात." ही मेलेली नाहीत, ढग नुसते दाटून येऊ द्या, पाऊस पडायच्या आधीच हिरवी होतात. ताईंनी ऐकून घेतलं होतं. तिनं दिलेलं ताकही प्यायल्या होत्या. आणि रजिस्टरात त्यातला एक शब्द लिहिला नव्हता, कारण तो डोळ्यांना दिसत नव्हता.

श्रुती गेल्यावर त्या दुपारची गोळी घ्यायची विसरल्या. बळवंतरावांनी विचारलं, "तब्येत ठीक आहे ना?" त्या म्हणाल्या, "मला भैंसाडांगला जायचं आहे."

बळवंतरावांनी कपाळाला हात लावला. गुडघे, साखर, ऊन, लोक काय म्हणतील, सगळं बोलून झालं. ज्या बाईनं एका पश्चिमेसाठी जीप मागे फिरवली होती तिला अडवणं आपल्या बसची बात नाही, हे चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी गोळ्यांची पुरचुंडी बांधली, दशम्या बांधल्या आणि वर दोन कांदे टाकले.

ढग दाटायच्या सुमाराला, चौदा जूनला, ताई भैंसाडांगच्या पायथ्याशी उतरल्या. पंचवीस-तीस घरांची वस्ती. रामश्रीचं घर सापडायला वेळ लागला नाही. ती आता सत्तरीची होती, दात गेले होते, डोळे मात्र तसेच लखलखीत. ताईंनी ओळख सांगितली. सत्त्याण्णव साल, जीप, दगड, ताक. रामश्रीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"तुमने कहा था, बदरा घिर आने दो," ताई म्हणाल्या.

"कही होयगी," रामश्री म्हणाली. "हम तौ सबन सें कहत हैं. सुनत को है?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ऐकणारा कुणी नसतो ही गोष्ट ती ऊन-वाऱ्यासारखी धरून चालली होती. ताईंना त्याचंच जास्त लागलं. कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर त्या चढायला लागल्या. मागून रामश्री, काठी टेकत. सदुसष्टाव्या पॉइंटचा दगड सापडला, चुना केव्हाच उडालेला. भोवती तीच राखाडी काडी, जी त्यांनी तीनदा पाहिली होती. डोळ्यांना आजही बंजरच दिसत होतं. ताईंनी एक काडी वाकवली आणि तिच्या सालीवर अंगठ्याचं नख ओढलं.

आत ओला हिरवा रंग होता.

त्यांनी दुसरी काडी धरली. मग तिसरी. जिथे नख लावावं तिथे हिरवं. शालिनीताई त्या दगडावर खाली बसल्या. सावलीचा हिस्सा मोजणारी, दिशा चुकली तर जीप फिरवणारी, दुसऱ्यांना शिस्त शिकवणारी बाई तीन वेळा इथे येऊन गेली होती, आणि तिन्ही वेळा तिनं एका काडीला नख लावलं नव्हतं. नख लावायला कुठल्या नियमाची मनाई होती? कुठल्याच नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली. रामश्रीला काय चाललं आहे ते नीटसं कळलं नाही. म्हाताऱ्या बाईला चढ झेपला नाही असं समजून तिनं पाणी पुढे केलं.

स्वतःपुरतं नख पुरे होतं. सुनावणीला पुरावा लागतो. ताई वस्तीतच राहिल्या. रोज सकाळ-संध्याकाळ चौदाही पॉइंट होत नसत, गुडघे साथ देत नसत, पण अर्धे सकाळी आणि अर्धे संध्याकाळी असं त्यांनी बसवलं. तारीख, वेळ, फोटो, शेरा. यावेळी शेऱ्याच्या रकान्यात रामश्री सांगेल तेही लिहिलं: कुठली करधई जुनी, कुठे पूर्वी बिबट्या यायचा, कुठल्या खोऱ्यात शेळ्या नेत नाहीत म्हणून झाडं उंच राहिली. तिच्या तोंडून डोंगराचा सगळा इतिहास निघत होता आणि ताई पेन्सिलीला टोक काढून काढून लिहीत होत्या. मधेच रामश्रीनं विचारलं, हे सगळं आता कशाला लिहिता? ताई म्हणाल्या, "पहले नहीं लिखा, इसलिए."

सोळाला आभाळ भरून आलं. पाण्याचा थेंब नाही, नुसता उकाडा. अंगाला कपडे चिकटत होते. सतराला तसंच. अठराच्या सकाळी ताई वस्तीतून बाहेर आल्या आणि समोर बघत राहिल्या. डोंगराचा उतार फिकट पोपटी झाला होता. जवळ गेल्यावर दिसलं, प्रत्येक काडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पालवी. एकोणीसला ती बोटाच्या पेराएवढी झाली. श्रुती गाडी घेऊन न्यायला आली होती. ती खालूनच ओरडली, "काकू, ये तो जादू है!" शालिनीताई म्हणाल्या, "जादू नाही. दरवर्षीचं आहे. फोटो काढ, चौदाही जागचे. आणि दगड फ्रेममध्ये आला पाहिजे."

वीस तारखेला दुपारी जेवताना बळवंतरावांनी विषय काढला. त्यांनी तो चार दिवस मनात घोळवला असावा.

"तू एवढंच म्हण ना, मे महिन्यात पानं नसतात, नियमाप्रमाणे लिहिलं. खोटं काय आहे त्यात?"

"खोटं नाहीच. चूक आहे."

"अगं, पण चूक म्हणालीस तर ते चौदावर थोडेच थांबणार? एकशे सत्त्याऐंशी उकरून काढतील. ज्या रजिस्टरांवरून पोरांना शिकवतात ती कपाटात जातील. सगळी उमर घातलीस त्यात. आणि ती सांभाळून सांगितलं तरी डोंगर वाचेल, कदाचित."

"आणि नाही वाचला तर?"

बळवंतराव ताटातली पोळी मोडत राहिले. शालिनीताईंना भीती वाटत होती. आपलं नाव जाईल, याची खरीखुरी भीती. गरीब घरातली मुलगी, कुणाचा वशिला नाही, बाई म्हणून जीपमध्ये बसायला जागा मिळायची मारामार, तिथून सुरुवात करून त्यांनी एवढी एकच गोष्ट कमावली होती: शालिनी मोहितेनं लिहिलं म्हणजे ते तसंच असणार. ती उद्या भर कचेरीत स्वतःच्या हातानं मोडायची होती.

"पोळी वाढू का अजून?" त्यांनी विचारलं, आणि बळवंतरावांना कळलं की निर्णय झालेला आहे.

एकवीस तारखेला कलेक्टोरेटच्या सभागृहात पन्नासेक माणसं होती. वस्तीतली माणसं ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून आली होती, रामश्री पुढच्या रांगेत. समोर अपर कलेक्टर, शांत स्वभावाचे मध्यमवयीन गृहस्थ. खदान मागणाऱ्यांचे वकील दिग्विजयसिंह. माणूस सभ्य, आवाज गोड, तयारी पक्की. त्यांनी सुरुवातच ताईंच्या स्तुतीनं केली. अशी मोजणी अख्ख्या विभागात झाली नाही. तीस वर्षांत या बाईंच्या एका नोंदीवर कुणी शंका घेतलेली नाही. आणि त्यांनी तिन्ही रजिस्टरांतून चौदा नोंदी सावकाश वाचून दाखवल्या. पथरीली बंजर. पथरीली बंजर. बेचाळीस वेळा ते शब्द त्या खोलीत उच्चारले गेले. मग श्रुतीनं आपली चित्रं दाखवली, आणि वकिलांनी एवढंच विचारलं, "बेटी, आप कभी वहाँ खड़ी हुई हैं, इन पॉइंट पर?" श्रुती म्हणाली, "परसों." मागे दोघं-तिघं हसले.

तेव्हा शालिनीताई उठल्या.

"मैं खड़ी हुई हूँ," त्या म्हणाल्या. "ये बयालीस एंट्री मेरी हैं, और ग़लत हैं. वहाँ करधई का जंगल है. तब भी था."

खोलीत कुजबुज झाली. त्यांनी मे महिना सांगितला, सावलीचा नियम सांगितला, पालवीचे फोटो टेबलावर मांडले. मग रामश्रीकडे हात केला आणि म्हणाल्या, या बाईंनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, मी ऐकलं आणि लिहिलं नाही. रामश्री एकदम ताठ बसली. इतक्या मोठ्या खोलीत आपलं बोलणं कुणी सांगेल, असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

दिग्विजयसिंहांनी चष्मा काढला. "माताजी, आप पर किसी का दबाव तो नहीं है?"

"दबाव? इन पर?" शेवटच्या रांगेतून बळवंतराव न राहवून बोलून गेले, आणि अपर कलेक्टरांनाही हसू आवरलं नाही.

वकील हसले नाहीत. त्यांनी पुढचा प्रश्न हळू आवाजात विचारला, आणि तो नेमका होता. "फिर तो बाकी एक सौ तिहत्तर पर भी भरोसा कैसे करें? वो भी तो आपकी ही आँखों की देखी हैं."

ताई टेबलाची कड धरून उभ्या होत्या. सोपं उत्तर समोर दिसत होतं: चौदाच चुकले, बाकी ठीक. कदाचित ते खरंही होतं. पण झिरियाच्या मुलखात दुसरीकडेही करधई आहे, आणि तिथल्याही काड्यांना त्यांनी नख लावलं नव्हतं.

"मत कीजिए," त्या म्हणाल्या. "पहले जाँचिए. मई में जाइए, बादल घिरें तब जाइए, दीवाली के बाद जाइए. और वहाँ के लोगों से पूछिए, और जो कहें वो लिखिए."

अपर कलेक्टरांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि तासाभरानं तोंडी आदेश सांगितला. भैंसाडांगवर खदानीचा निर्णय थांबवण्यात येत आहे. सगळ्या पाणलोटाची वर्षभर, तिन्ही ऋतूंत, नव्यानं मोजणी व्हावी. आणि तोवर जुनी तिन्ही रजिस्टरं कुठल्याही कामात पुरावा म्हणून धरली जाऊ नयेत. शेवटचं वाक्य त्यांनी आधीच्यासारख्याच सुरात सांगितलं. वस्तीच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. बळवंतरावांनी वाजवल्या नाहीत. ते बायकोच्या पाठीकडे बघत होते.

ताईंचं बयान, म्हणजे जबाब, टाइप होऊन आलं. बाबूनं लिहिलं होतं की रजिस्टर त्रुटिपूर्ण आढळलं. शालिनीताईंनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, जसा कधीकाळी दुकानात एकेक कागद पारखत, आणि कागद परत सरकवला.

"रजिस्टर बेचारा क्या करेगा? देखा मैंने, लिखा मैंने. मेरा नाम डालिए."

बाबूनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. नवा कागद आला. 'शालिनी मोहिते यांनी चुकीच्या नोंदी केल्या', असं त्यावर हिंदीत स्वच्छ लिहिलेलं होतं. ताईंनी सही केली, खाली कंसात १९९७ लिहिलं. पेन उचललं नाही. तिच्याखाली पुन्हा सही केली.

"माताजी, एक ही काफ़ी है," अपर कलेक्टर म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

"तीन बार गई थी, साहब," शालिनीताई म्हणाल्या. दुसऱ्या सहीखाली त्यांनी २००७ लिहिलं आणि तिसरी सही करायला घेतली.